चार डोळ्यांची मोटार

रामराव पाटलांच्या गोठ्यात दोन जातींची जनावरं होती. एक जात कडबा खाऊन कामाला जायची. दुसरी पेट्रोल पिऊन झोपायची. या दुसऱ्या जातीत जनावर एकच होतं, पण गोठ्याची अर्धी जागा, घरातली सगळी जुनी धोतरं आणि पाटलांचं सगळं प्रेम त्या एकट्यानं खाल्लं होतं.

ती काळी मोटार खामगावच्या कापसाच्या कंपनीतला गोरा साहेब मायदेशी जाताना मागं ठेवून गेला होता. साहेब गेला, इंग्रज गेले, वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, मुंबई राज्यही गेलं आणि महाराष्ट्र आला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मोटार मात्र कुठंच गेली नाही. पिंपळगाव राजापर्यंत गेली, तर येताना कुणाच्या तरी बैलांच्या मागं बांधून यायची. पाटील तिला 'राणी' म्हणत. गावातले लोकही राणीच म्हणत, पण तोंडाला उपरणं लावून.

गीताबाई या घरची थोरली सून. माहेर सुलतानपूरचं, लोणारकडचं. त्यामुळं ती 'मला, तुला' म्हणायची आणि सासरी सगळे 'मले, तुले' म्हणायचे. पहिली दोन वर्षं याच्यावरून तिची थट्टा झाली. तिनं थट्टा ऐकून घेतली, बोली बदलली नाही. लग्नात तिच्या वडिलांनी दोन गोऱ्हे आंदण दिले होते. ते पाठवणीच्या गाडीमागं चालत चालत इकडं आले. एकाचं नाव हरण्या, दुसऱ्याचं पाखऱ्या. आल्या आल्या तिला जसं परकं वाटत होतं तसंच त्यांनाही वाटत असावं, कारण पहिले काही दिवस ते तिच्या हातचंच खात. आता ते गावातले सगळ्यात देखणे बैल होते, आणि गेले तीन पोळे गावाच्या तोरणाखालून पहिल्यांदा जाण्याचा मान त्यांचा होता. मान पाटील घराण्याचा. पण चालत जायचे ते बैल.

श्रावण सरत आला तसा धाकटा दीर भाऊराव खामगावहून वायरींची भेंडोळी, चार दिवे आणि एक पत्र्याची डबी घेऊन आला. भाऊराव अकोल्याच्या कॉलेजात दोनदा पहिल्या वर्षाला बसला होता. तिथून त्यानं आणलं काय, तर मोटारींची चित्रं असलेली जुनी विलायती मासिकं. त्यातल्या एका पानावर त्यानं वाचलं होतं, की अमेरिकेत आता मोटारींचे चारी कोपऱ्यांचे दिवे एकदम मिचकावायची सोय करतात. झालं. राणीला ती सोय नव्हती. राणीला चालायची सोयही नव्हती, पण ते मासिकात आलं नव्हतं.

तीन दिवस तो मोटारीखाली पाय बाहेर काढून पडलेला होता. मडगार्डांना भोकं पाडली. पिवळ्या काचेचे दिवे मिळाले नाहीत म्हणून साध्या काचांना पिवळा रंग फासला. सीटखालच्या बॅटरीपासून वायर काढली ती चारही कोपऱ्यांना नेली, मधे ती डबी बसवली. डबी एका ट्रकची होती, दोन दिवे मिचकावण्यापुरती. हिला चार लावले. वायरी खाली लोंबायला लागल्या तेव्हा त्या बांधायला त्याला काहीतरी हवं होतं. गोठ्यातल्या खुंटीवर गीताबाईनं पोळ्यासाठी वळून ठेवलेले लाल-हिरवे गोंडे होते. त्यानं त्यांची दोरी उसवली आणि राणीचं पोट बांधलं.

गीताबाई लेकीला, कोकिळेला, कडेवर घेऊन पेंड कालवायला आली तेव्हा तिला खुंटी रिकामी दिसली. मग मोटारीखालून एक लाल धागा लोंबताना दिसला.

"वहिनी, बऱ्या वेयेवर आल्या," भाऊराव खालून बाहेर आला. कपाळाला ग्रीस. "बाबा, आई, या वं सगळे. पाहा आता."

पाटील आले. रुक्मिणीबाई, म्हणजे गीताबाईच्या सासूबाई, हातातलं सूप घेऊनच आल्या. भाऊरावनं आत हात घालून बटण ओढलं. कुठंतरी टिकटिक झाली आणि राणीचे चारही कोपरे एकदम पेटले, विझले, पेटले, विझले. डबी दोघांची आणि दिवे चार, त्यामुळं ते मिचकावत नव्हते, फडफडत होते. डोळ्यात केरकचरा गेलेल्या माणसासारखे.

पाटलांचा चेहरा असा फुलला, तसा तो नातीच्या जन्माच्या वेळीही फुलला नव्हता.

"हे कशासाठी असतं?" गीताबाईनं विचारलं.

"गाडी रस्त्यात बंद पडली तं मागून येणाऱ्याले समजाले पायजे नं. चारी दिवे एकदम. म्हंजे खतरा हाय, जरा बाजूनं जा."

"म्हणजे बंद पडणार हे धरूनच चाललात, भाऊजी."

"तसं नाही वो वहिनी."

"अरे, बंद पडली हे सांगाले दिवा काऊन पायजे?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मागून तुह्या बापाले लोटताना पाह्यलं का अख्ख्या तालुक्याले समजते."

पाटलांनी ते ऐकलं नाही. चांगल्या माणसासारखं त्यांना जे ऐकायचं नसे ते ते ऐकत नसत. भाऊराव मात्र रंगात आला होता. त्यानं मोटारीची चावी काढून सगळ्यांना दाखवली. दिवे फडफडतच होते. "चावी काढली तरी चालतात. बॅटरीतून सिधी वायर घेतली. हेच तं याच्यातलं खास हाय. मालक गाडी सोडून निघून गेला तरी दिवे सांगत राह्यते."

"अन् दिवे काय खातात?" रुक्मिणीबाई.

"बॅटरी."

"अन् बॅटरी काय खाते?"

"ती गाडी चालली का भरते, आई."

"चालली तं," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

कोकिळा दीड वर्षाची होती. ती दिव्यांकडं पाहत राहिली आणि मग आईच्या खांद्यावरून तिनंही दोन्ही डोळे घट्ट मिटले, उघडले, मिटले. गीताबाईला हसू आलं. घरात या दिव्यांचा खरा उपयोग झाला तो एवढाच.

त्या रात्री जेवताना पाटलांनी घास हातात धरून जाहीर केलं, "यंदा तोरणाले राणी जाईन."

थोरला मुलगा अर्जुनराव, गीताबाईचा नवरा, भाकरी मोडता मोडता थांबला. "बाबा, पोयाले? पोया बैलाचा असते."

"दसऱ्याले तिची पूजा करता नं? नारळ फोडता नं? मंग पोयाले काय झालं? बैलानं ओढायचं ते आता मोटार ओढते. जमाना बदलून राह्यला."

राणीनं आजवर काय ओढलं हे कुणीच विचारलं नाही. ताटं वाढताना गीताबाईनं विचारलं, "आणि जोडी, मामाजी?"

पाटलांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "जोडी घरीच राहीन. दुसऱ्या दिवशी खामगावचा गॅरेजवाला येऊन घेऊन जाईन. त्याची वावरं हायत, त्याले बैलं पायजे. त्याच्याजवय राणीच्याच जातीची एक गाडी हाय, मोडकी, पण सुटे भाग सगळे शाबूत. त्यानं ती देतो म्हणलं, बदल्यात."

मग गीताबाईला सगळं कळलं. गावाची रीत होती: पोळ्याला जी जोडी मानानं पहिल्यांदा तोरणाखालून जाते, तिचा कासरा पुढच्या पोळ्यापर्यंत परक्याच्या हाती द्यायचा नाही. ती वर्षभर गावाची. तीन वर्षं हरण्या-पाखऱ्याला या रीतीनंच राखलं होतं, नाहीतर पाटलांच्या मनात पहिल्यापासून सुटे भाग होते. यंदा त्यांना रीत मोडायची नव्हती. पाटील रीत मोडत नसत. त्यांनी फक्त रीतीखाली बैलांच्या ऐवजी मोटार सरकवली होती. दोन जिवंत जनावरं द्यायची आणि एक मेलेली मोटार घ्यायची, म्हणजे घरातली पहिली मेलेली मोटार जिवंत आहे असं म्हणता येईल. आणि हे सगळं जमावं म्हणून चार दिवे.

"ते बैल माझ्या वडलांनी दिलेत," ती म्हणाली.

"या घरात आलं ते या घरचं," पाटील म्हणाले. तेही खरंच होतं. तीसुद्धा तशीच आली होती.

खोलीत गेल्यावर अर्जुनराव म्हणाला, "बाबाले कोण समजावीन? तू मनाले लावून घेऊ नको."

"मनाला नाही लावत. गोठ्याच्या दाराला कडी लावते," ती म्हणाली आणि कोकिळेला थोपटत पाठ वळवून झोपली. अर्जुनराव वाईट माणूस नव्हता. घरात वाईट कुणीच नव्हतं. फक्त एकाला मोटार कळत होती, एकाला मान कळत होता आणि एकाला काहीच करायचं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर जू घासून घासून जिथं कातडं दगडासारखं होतं, तिथं तूप-हळद चोळायची, गरम पाण्यानं शेक द्यायचा. सालदार कडूबानं पाणी आणून दिलं. तो या घरी इतकी वर्षं होता, की पाटलांना तो अजून 'पोरगा' वाटे आणि कोकिळेला आजोबा.

गीताबाई हळद लावत होती. हरण्यानं मान खाली घातली आणि डोळे अर्धे मिटून घेतले. त्याच्या मिटण्यात घाई नव्हती, टिकटिक नव्हती. पाखऱ्या नेहमीसारखा तिच्या पदराला जीभ लावत होता. पाळण्यातल्या पोराला तेल लावताना जसे आपोआप हात हळू होतात, तसे तिचे झाले होते. रुक्मिणीबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या ते तिला कळलं नाही.

"म्हण आता," सासूबाई म्हणाल्या. "म्हणल्याबिगर लागू होत नाही."

दरवर्षी दोघी मिळून म्हणत. गीताबाईनं बैलांच्या खांद्यांवर हात ठेवले, रुक्मिणीबाईंनी तिच्या हातावर. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"यंदा शेवटचं," कडूबा हळूच म्हणाला.

"तोंड बंद ठेव बे कडू," रुक्मिणीबाई म्हणाल्या, पण त्यांनी पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथंच राहू दिला.

गोंडे गेले होतेच. गीताबाईनं कोकिळेला आखूड झालेल्या झबल्याची लाल किनार काढली आणि तिचे दोन लहान गोंडे केले. बैल कुठं जाणार नव्हते, गोठ्यातच राहणार होते. तरी पाहुण्यांना सजवायला नको, असं कुठं लिहिलं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी भुरभूर येऊन गेली. दुपारी ऊन पडलं, पण काळ्या मातीचा चिकटा झाला तो झालाच. दुपारीच राणी निघाली. झेंडूच्या माळा, पुढं नारळ, मडगार्डावर बैलांच्या शिंगांचं बेगड. भाऊरावनं चाक धरलं, पाटील शेजारी, फेटा बांधून. अर्जुनराव मागून चालत, कारण चढ आला तर लोटायला माणूस लागे. ओट्यावरून बायका पाहत होत्या. वाड्याच्या दारातूनच भाऊरावनं बटण ओढलं होतं.

"आता काऊन लावले रे दिवे? चालून राह्यली नं गाडी," रुक्मिणीबाई दारातून ओरडल्या.

"शोभा हाय, आई."

खतरा सांगायचे दिवे शोभेला लागले. तोरण मारुतीसमोरच्या चढावर, गल्लीच्या तोंडाशी, दोन खांबांना बांधलं होतं. राणी गुरगुरत चढली आणि तोरणाच्या अलीकडं थांबली. इंजिन बंद केलं. पेट्रोल वाया घालवायचं नाही, पाटील याबाबतीत फार काटेकोर होते. दिवे चालूच. मागं पंजाबराव देशमुखांची खिल्लारी जोडी, मग बाकी गावाचे बैल, झुली, घुंगरं, रंगवलेली शिंगं. खामगावचा गॅरेजवालाही आला होता, आपला माल बघायला. माल गोठ्यात होता. त्याला तिथल्या तिथं पेढा देऊन पाटलांनी मोटारीचे दिवे दाखवले.

पोळा फुटायचा, म्हणजे बैल तोरणाखालून सुटायचे, ते उन्हं उतरल्यावर. पूजा, आरती, कुणी आलं नाही म्हणून थांबणं, कुणी आलं म्हणून थांबणं. राणी तिथं तशी उभी, चारही डोळे फडफडवत. पहिला तासभर पोरं भोवती गोळा झाली. मग फडफड जरा मंद झाली. लोक म्हणाले, आता बरोबर मिचकावते, माणसासारखी. भाऊराव खुश झाला. मग आणखी मंद झाली. मग एकदा दिवे पेटले ते विझलेच नाहीत. लालसर, मलूल, उघडेच राहिले. टिकटिक थांबली होती.

"असे तं मेल्यावर राह्यतात डोये," मागून कुणीतरी म्हणालं.

बटण आत दाबायचं विसरून भाऊरावनं चावी फिरवली. राणीनं एक उसासा टाकला. दुसऱ्यांदा तेवढाही टाकला नाही. पाटील खाली उतरले. पुढून लोखंडी हँडल घातलं, अर्जुनरावनं फिरवलं, भाऊरावनं फिरवलं, घाम आला, ठिणगी आली नाही; बॅटरीत ठिणगीपुरतंही उरलं नव्हतं. उतारावर मागं सोडून चालू करावी, तर मागं सगळ्या गावाच्या बैलांची रांग. पुढं लोटावी, तर चढ आणि चिकटा. तिघांनी खांदा लावला. चाक तिथल्या तिथं बुडलं. गावातला कुणी हात लावायला आला नाही. ज्याच्या त्याच्या हातात कासरा होता आणि सजलेला बैल सोडून कुणी कसा येणार? सबब तर चांगली होती.

मागं झडत्या सुरू झाल्या होत्या. पोळ्याला लोक यमकं जोडून जोडून म्हणतात त्या. हनुमान तालमीतल्या एकानं आवाज लावला:

"चार डोये हायत हिले, एकानं नाही दिसत,
पोयाच्या दिशी म्हातारी मधात बसली रुसत,
ना खाये कडबा, ना खाये सरकी,
ढकलल्याबिगर घेत नाही गिरकी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव."

सगळ्या रांगेनं हर हर महादेव केलं. पाटलांचा फेटा हलला नाही, पण खालचा माणूस हलला.

पंजाबराव देशमुख पुढं आले. त्यांचं घराणं मानात दुसरं, आणि सूर्य टेकायच्या आत मानाचं जनावर तोरणाखालून गेलं नाही तर मान दुसऱ्या घराकडं जातो, हे त्यांच्या आज्यापासून त्यांच्या घरात पाठ होतं. "घाई नाही, पाटील," ते फार गोड बोलले. "आमचे बैलं काय, उभे राहू शकतात. त्यायची बॅटरी नाही उतरत."

पाटलांनी सूर्याकडं पाहिलं. मग अर्जुनरावला जवळ ओढलं.

अर्जुनराव धावत घरी आला तेव्हा गीताबाई गोठ्याच्या दारात बसून कोकिळेला पुरणाचा चिमूट चिमूट घास भरवत होती. मागं हरण्या आणि पाखऱ्या, कपाळाला लाल झबल्याचे गोंडे.

"जोडी दे," तो धापा टाकत म्हणाला. "जू घेऊन ये म्हणले बाबा. राणी ओढून तोरणाखालून काढायची. वेय नाही."

"आज? जू?"

"ऐक नं. बाबानं शब्द देला. एवढं ओढून देलं तं जोडी इकत नाही म्हणले. गॅरेजवाल्याच्या तोंडावर म्हणले."

गीताबाई उठली. पाटलांमध्ये हजार खोड्या होत्या, पण दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता. म्हणजे एवढंच करायचं होतं. जू ठेवायचं, चढ चढायचा, आणि बैल तिचे. नाही म्हटलं तर मान जाणार, पाटील जळणार, आणि त्या जळण्यात बैल उद्या सकाळीच खामगावला. कडूबा जू घ्यायला वळला होता. त्यानं ते भिंतीवरून काढलंही.

तिनं हरण्याच्या खांद्यावर हात ठेवला. कालचं तूप अजून होतं. बोटाला हळद लागली.

"नाही," ती म्हणाली.

"गीता, मान जाईन," रुक्मिणीबाई चुलीपासून उठून आल्या होत्या. त्यांचा आवाज खाली होता. "मान गेला तं त्या माणसाजवय काय राह्यते? मोटार?"

"आत्याबाई, काल आवतण कुणी दिलं यांना? तुमचा हात होता माझ्या हातावर. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला दारातच कामाला जुंपायचं? तेही पंगत बसायच्या आधी? उद्या विकले तर विकले. मी रडेन. पण आज यांच्या खांद्यावर जू पडणार नाही."

कोकिळेनं पुरणानं भरलेला हात पाखऱ्यापुढं धरला आणि त्यानं तो चाटून स्वच्छ केला.

रुक्मिणीबाईंनी कडूबाच्या हातातलं जू घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. "लयच गरज असन तं त्या भाऊच्या मानीवर ठेवा म्हणा," त्या अर्जुनरावला म्हणाल्या. "दिवे त्यानंच लावले."

"मंग मी बाबाले काय सांगू?"

गीताबाईनं दोन्ही कासरे सोडले आणि कडूबाच्या हातात दिले. "सांगा, जोडी आली. पाटलाच्या घरची जोडी आहे, मान पाटलाच्या घरातच राहील. पण ती मोकळी चालणार. राणीला म्हणावं, वाट सोड."

कडूबानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि बैल बाहेर काढले.

बायकांनी तोरणापाशी जायची रीत नव्हती. गीताबाई रुक्मिणीबाईंबरोबर ओट्यावर उभी राहिली, कोकिळेला कडेवर घेऊन. तिथून गल्लीच्या वळणापलीकडं चढाचा वरचा तुकडा आणि तोरण तेवढं दिसायचं. हरण्या-पाखऱ्या वळणावर दिसेनासे झाले. झडत्या थांबल्या. बराच वेळ काही नाही. सूर्य सिनखेडीच्या वाटेवरच्या बाभळींच्या शेंड्याला आला होता. तिला वाटलं, आता पाटील ओरडतील. आता कडूबा परत येईल. आता पंजाबरावांची घुंगरं वाजतील.

मग चढावर राणी दिसली. पाठमोरी. ती मागं येत होती, हळूहळू, उताराला, आणि तिच्या पुढच्या नाकाला खांदा लावून तीन माणसं तिला मागं ढकलत होती. भाऊरावचं धोतर चिखलात होतं. अर्जुनरावही होता. मधे फेटा होता. बैलांची रांग दोन्ही बाजूंनी सरकून वाट देत होती, आणि राणी आपले चार मलूल डोळे उघडे ठेवून, झेंडूच्या माळा लोंबवत, गल्लीच्या कडेला चिंचेखाली जाऊन बसली. फेट्यानं कपाळ पुसलं. मग दोन पांढरे बैल मोकळ्या मानेनं तोरणाखालून गेले. कपाळावर लाल काहीतरी हललं. एवढ्या लांबून ते झबल्याचे गोंडे आहेत हे कुणालाच कळलं नसतं.

घुंगरं एकदम सुटली आणि सगळा गाव तोरणाखालून वाहायला लागला.

"गेले," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला. "चाल, पुरण वाढायचं हाय. पाहुणे येतीन."

पाहुणे आले. गीताबाईनं त्यांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी तोंडात दिली. पाखऱ्यानं ताटही चाटायला घेतलं. खामगावचा गॅरेजवाला दाराशी येऊन थोडा वेळ उभा राहिला, बैलांकडं पाहिलं, तोरणाची पानं शिंगात अडकलेली पाहिली, आणि "पुढच्या वर्षी पाहू" असं काहीसं बोलून गेला. रीत त्यालाही ठाऊक होती.

दिवेलागणीला पाटील आले. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही. बैलांकडंही पाहिलं नाही असं दाखवत ओट्यावर बसले. भाऊराव मागं.

"दिवे बंद केले का बे?" पाटलांनी विचारलं.

"ते आपोआप बंद झाले, बाबा."

कोकिळा दुडुदुडू चालत आजोबांपर्यंत गेली, त्यांच्या मांडीला धरून उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहून तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटले, उघडले, मिटले, उघडले. पाटलांनी चिखलाचा हात धोतराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"गीता," ते म्हणाले. आज पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. "राणी चिंचेखाली उभी हाय. उद्या आणा लागन घरी. उद्या तं जोडी जुंपता येते नं?"

"उद्या येते, मामाजी," गीताबाई ताटं गोळा करता करता म्हणाली. "कडूबा ओढून आणेल. भाऊजींना फक्त सांगा, मागचे दिवे लावा. मागून येणाऱ्याला समजलं पाहिजे."